खर्ज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचतो?

कोकणात भजनाची डबलबारी ऐकत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: बुवांचा आवाज वर हवा. पेटीवर काळी चार नाहीतर पाच धरायची, पखवाज तापला की गजर चढवत न्यायचा आणि मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसालाही शब्द कळले पाहिजेत. जाखडीचा शाहीरही तसाच उंच लावतो. आता गावोगावी माईक आणि भोंगे आले, तरी पट्टी काही खाली उतरलेली नाही. लांब ऐकू जायचं तर वर गायला हवं, हे आपल्या कानांनी पक्कं धरलेलं आहे.

पण जगात काही गायक असे आहेत की त्यांची सगळी कारकीर्द नेमकी उलट्या टोकावर उभी आहे. पाश्चात्त्य ऑपेरात पुरुषाच्या सर्वांत खालच्या आवाजाला बास म्हणतात. हा गायक आपल्या मंद्र सप्तकात वावरतो. त्याच्यापुढे खड्ड्यात ऐंशी-नव्वद वादकांचा ताफा असतो आणि त्यापलीकडे श्रोते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात हे श्रोते सुमारे ३८०० असतात. रूढ प्रथेप्रमाणे आवाज वाढवणारं कुठलंही यंत्र नसतं. तरीही सर्वांत वरच्या सज्जातल्या, सर्वांत स्वस्त तिकिटाच्या माणसाला तो खर्ज स्पष्ट ऐकू येतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ती थाप वाटली होती.

हे गायक संख्येने थोडे, आणि त्यातले कितीतरी फिनलंडचे. त्या देशाची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, म्हणजे साधारण साडेतीन रत्नागिरी जिल्हे. एवढ्याशा देशाने किम बोर्ग, मार्त्ती तालवेला, मात्ती साल्मिनेन, याक्को र्युहानेन आणि आत्ताच्या पिढीतला मिका कारेस असे खर्जाचे गायक जगाच्या रंगमंचांना पुरवले. यांतल्या तालवेलाची गोष्ट मला सर्वांत आवडते.

त्याचा जन्म १९३५ सालचा, कारेलिया प्रांतातल्या हीतोला या गावचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मुलूख सोव्हिएत रशियाच्या ताब्यात गेला. तालवेला आधी शाळामास्तर होता. उंची दोन मीटर, म्हणजे साडेसहा फुटांच्याही वर. १९६१ मध्ये स्टॉकहोमच्या रॉयल ऑपेरात त्याने वेर्दी या संगीतकाराच्या ‘रिगोलेत्तो’मधला भाडोत्री मारेकरी स्पाराफुचिले उभा केला. पुढच्याच वर्षी तो जर्मनीत बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात गात होता आणि बर्लिनच्या डॉयचे ओपरमध्ये नोकरीला लागला होता.

नोकरी हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. जर्मनीतली बहुतेक मोठी शहरं आपलं ऑपेरागृह सरकारी पैशावर चालवतात आणि गायकांना महिन्याच्या पगारावर ठेवतात. आज राजा, परवा पुरोहित, पुढच्या आठवड्यात भूत, असं करता करता गायकाच्या गळ्यावर वीस-पंचवीस भूमिका चढतात. इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि रशियन या चार भाषांत गाता येऊ लागतं. मग एखाद्या मोठ्या ठिकाणी ऐनवेळी कुणी आजारी पडलं की फोन येतो. आंतरराष्ट्रीय कारकीर्द नावाची चीज बव्हंशी अशी घडते. आपल्या नाटक मंडळ्यांतही नटाला पगार, जेवण आणि बिऱ्हाड असेच. त्यामुळे मराठी माणसाला ही व्यवस्था परकी वाटू नये.

१९६८ मध्ये तालवेला मेट्रोपॉलिटनमध्ये पोचला, वेर्दीच्या ‘डॉन कार्लो’मधला आंधळा, नव्वदीचा धर्मन्यायाधीश होऊन. तिथेच १९७४ मध्ये मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोडुनोव्ह’मध्ये त्याने झार केला. या ऑपेराची वाद्ययोजना रिम्स्की-कोर्साकोव्हने घासूनपुसून दिली होती आणि जगभर तीच वाजत असे. मेट्रोपॉलिटनने त्या वेळी मुसोर्गस्कीची स्वतःची, खडबडीत वाद्ययोजना घेतली. खर्जाच्या गायकाला याहून मोठी भूमिका क्वचितच मिळते. एरवी त्याच्या वाट्याला येतात ते राजे, बाप, पुजारी, दगाबाज आणि सैतान. नायिका कायम उंच आवाजाच्या टेनरकडे! आपल्याकडेही खालचा आवाज म्हणजे खलनायक किंवा सासरा, हा हिशेब सिनेमाने बिनदिक्कत उचललेला आहेच.

आता मूळ कोड्याकडे येऊ. मोझार्टच्या ‘जादूची बासरी’ या १७९१ सालच्या ऑपेरात झारास्ट्रो नावाचा धर्मगुरू आहे. त्याला गाताना खालचा एफ लावावा लागतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ८७ कंपनं. काळी एकचा षड्ज धरणाऱ्या आपल्या गायकाच्या हिशेबात हा मंद्रातला शुद्ध गंधार. मोझार्टच्याच दुसऱ्या एका ऑपेरातला ओस्मिन त्याहून खाली, ७३ कंपनांपर्यंत उतरतो. तो मंद्रातला कोमल रिषभ. इतक्या खाली माणसाचा कानही मंद असतो. ८७ कंपनांचा नाद कानाला जाणवायचा तर तो ३००० कंपनांच्या नादापेक्षा कितीतरी जोरकस असावा लागतो. म्हणजे गायक दुहेरी अडचणीत: समोर वाद्यांची भिंत आणि पलीकडे अर्धवट बहिरा कान.

स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या योहान सुंडबेरी यांनी १९७० च्या दशकात याचा छडा लावला. त्यांनी यूसी ब्यॉर्लिंग या स्वीडिश टेनरच्या ध्वनिमुद्रिकाही तपासल्या. मानवी आवाज एकाच कंपनाचा कधीच नसतो. ८७ चा सूर लावला की त्याबरोबर १७४, २६१, ३४८ अशी स्वयंभू स्वरांची चळत निघते. वाद्यवृंदाचीही अशीच चळत असते, पण त्याचा जोर ४५० ते ५०० कंपनांच्या आसपास सर्वाधिक असतो आणि तिथून वर तो झपाट्याने ओसरतो. ३००० च्या जवळ वाद्यवृंदाची ऊर्जा शंभर पटींहूनही खाली गेलेली असते. वाद्यांच्या भिंतीला तिथे खिडकी आहे. तयार झालेला ऑपेरा गायक आपल्या आवाजातली ऊर्जा साधारण २४०० ते ३००० कंपनांच्या पट्ट्यात गोळा करतो आणि त्या खिडकीतून बाहेर काढतो. झारास्ट्रोच्या त्या गंधाराचा तेहतिसावा स्वयंभू स्वर २८८० च्या घरात येतो. श्रोत्याला खर्ज ऐकू येतो तो या वरच्या सोबत्यांच्या बळावर.

हे गळ्यात घडतं कसं? जांभई येण्याच्या क्षणी आरशासमोर उभे राहा आणि गळ्याच्या घाटीवर बोट ठेवा. घाटी खाली सरकते आणि घशामागची पोकळी रुंदावते. ऑपेराचा पुरुष गायक गाताना स्वरयंत्र असंच खाली ठेवायला शिकतो. स्वरतंतूंच्या लगेच वर एक अरुंद नळी असते. त्या नळीच्या तोंडापेक्षा घशाच्या पोकळीचा छेद साधारण सहापट मोठा झाला की ती नळी स्वतंत्रपणे घुमू लागते. मुखपोकळी ज्या कंपनांवर घुमते त्या घुमारा-स्थानांपैकी तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्याची मग दाटी होते आणि तिथली ऊर्जा एकदम उसळते. यासाठी फुप्फुसांचा जास्तीचा जोर लागत नाही. म्हणून तालवेला तीन-चार तासांचा ‘बोरिस’ पार पाडू शकत होता. ओरडणाऱ्याचा गळा अर्ध्या तासात बसतो.

निसर्गाने यात आणखी दोन सवलती दिलेल्या आहेत. आपल्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती स्वतःच ३००० च्या आसपास घुमते. त्यामुळे कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो तिथेच. शिवाय खालची कंपनं तोंडातून निघून चहूबाजूंना, गायकाच्या पाठीमागेही पसरतात, तर वरची कंपनं बरीचशी समोर जातात, म्हणजे थेट प्रेक्षकांकडे.

हे सगळं वाचून तंबोरा जुळवणाऱ्या वाचकाच्या मनात एक शब्द आला असेल: जवारी. तो बरोबर आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार पुरुष गायकाच्या काळी एकला ६९ कंपनांवर असते. घोडीच्या किंचित बाकदार पाठीवर रेशमाचा दोरा योग्य जागी सरकवला की तीच तार बोलू लागते आणि दोन खोल्या सोडूनही ऐकू येते. तारेत नवा जोर आलेला नसतो. घोडीला घासत कंप पावल्यामुळे तिची ऊर्जा वरच्या स्वयंभू स्वरांत वाटली जाते. १९२१ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणेच्या या करामतीवर निबंध लिहिला, त्यांना नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी. ऑपेराचा खर्जगायक तीच किमया गळ्यात करतो. आपल्याकडे ‘जवारीदार आवाज’ म्हणून माना डोलावणाऱ्या जुन्या रसिकांच्या कानांना ही गोष्ट कुठल्याही उपकरणाशिवाय कळलेली होती.

अजून एक नवल बाकी आहे, आणि ते तुमच्या खिशात आहे. मोबाइलवर तालवेलाचा झारास्ट्रो लावा. फोनचा चिमुकला स्पीकर ८७ कंपनं जवळजवळ काढूच शकत नाही, तरी तुम्हाला खर्जच ऐकू येईल. १७४, २६१, ३४८ या स्वरांमधलं अंतर दरवेळी ८७ आहे हे मेंदू ओळखतो आणि गैरहजर असलेला मूळ सूर स्वतः भरून काढतो. आपण ऐकतो तो खालचा सूर हवेत नसतो!

मग खर्जाला असं दूर पोचवणं आपल्याकडे का घडलं नाही? संगीतकार वाग्नरने बायरॉइटचं नाट्यगृह उघडलं १८७६ मध्ये. तिथे वाद्यवृंद रंगमंचाखाली झाकून टाकलेला आहे, गायकाचा आवाज दबू नये म्हणून. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. दोघांपुढे प्रश्न एकच होता: माईक जन्माला आलेला नाही, थिएटर भरलेलं आहे, गाणं आणि शब्द मागपर्यंत गेले पाहिजेत. मराठी रंगभूमीने पट्टी चढवली. पट्टी चढली की स्वरतंतूंखालचा दाब वाढतो, आवाज मोठा होतो आणि त्याचे जोरकस भाग कानाच्या तीक्ष्ण पट्ट्याकडे सरकतात. शिवाय भाऊराव कोल्हटकरांपासून बालगंधर्वांपर्यंत पुरुषच स्त्रीभूमिका करत होते, तेव्हा उंच गाणं भूमिकेचीही गरज होती. साथीला पायपेटी किंवा ऑर्गन, सारंगी आणि तबला एवढंच. शंभर वाद्यांशी झुंज नव्हती. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून टिळक स्वराज्य फंडासाठी जो संयुक्त ‘मानापमान’ केला, तो याच उंच आवाजांचा कळसाध्याय.

रत्नागिरीचाही या इतिहासात धागा आहे. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात इथे स्थानबद्ध होते आणि त्यांनी याच काळात ‘संगीत उःशाप’ आणि ‘संगीत संन्यस्त खड्ग’ ही नाटकं लिहिली. दुसरं १९३१ मध्ये बलवंत संगीत मंडळीने उभं केलं आणि त्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर गायले. दीनानाथांचा आवाज म्हणजे उंच, धारदार आणि तानेला विजेसारखा. त्या आवाजाला खर्जाची गरज कधी भासली नाही, आणि श्रोत्यांनी ती मागितलीही नाही.

खर्ज आपल्याकडे होता तो पहाटेच्या साधनेत, धृपदाच्या आलापीत आणि लहानशा बैठकीत. मोठ्या सभेत तो मानाने बसला तो माईक आल्यावर. उस्ताद अमीर खाँ यांची मंद्रातली संथ बढत हजार माणसांनी ऐकली ती त्या यंत्राच्या कृपेने. आपण खालच्या आवाजाला सभागृहात एकट्याने उभं राहायला शिकवलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही विद्या एका छताखाली ऐकलेली वास्तूही आपल्या ओळखीची आहे. मुंबईला जाऊन-येऊन असलेल्या कोकण्याला ‘ऑपेरा हाऊस’ म्हणजे चर्नी रोडजवळचा एक स्टॉप. ज्याच्यामुळे ते नाव पडलं ते रॉयल ऑपेरा हाऊस १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते सुरू झालं. नावाप्रमाणे ऑपेरा तिथे फार काळ टिकला नाही, पण बालगंधर्व गायले, दीनानाथ गायले. मग सिनेमा आला, १९९३ मध्ये दारं बंद झाली, आणि वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये ती उघडली. तेव्हा तिथे गायल्या पॅट्रिशिया रोझारियो.

रोझारियोंचा जन्म १९६० चा, मुंबईतल्या गोवेकर कुटुंबातला. लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेत शिकून तिथलं सुवर्णपदक मिळवलं आणि मग युरोपभरच्या रंगमंचांवर गायल्या. जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकाराने त्यांच्या गळ्यासाठी तीसहून अधिक रचना केल्या. १९९२ च्या ‘मेरी ऑफ इजिप्त’ या ऑपेरातली मेरी त्यांचीच. एस्टोनियाच्या आर्व्हो पार्टनेही त्यांच्यासाठी लिहिलं. २००१ मध्ये ब्रिटनचा ओबीई हा किताब मिळाला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवतानाच पती मार्क ट्रूप यांच्यासह २००९ पासून त्या भारतात येऊन इथल्या मुलामुलींना गळा घडवायला शिकवत आल्या आहेत. २०१७ मध्ये त्याच ऑपेरा हाऊसमध्ये चिमारोझाचा एक विनोदी ऑपेरा भारतीय गायकांना घेऊन झाला, तो या खटपटीचं फळ.

रोझारियो सोप्रानो, म्हणजे बायकांतला सर्वांत उंच आवाज. गंमत अशी की त्यांना ३००० ची खिडकी फारशी उपयोगी नाही. ८०० कंपनांचा सूर लावला तर पुढचे सोबती १६००, २४००, ३२०० असे दूर दूर पडतात. म्हणून सोप्रानो जबडा उघडत नेते आणि तोंडाचं पहिलं घुमारा-स्थान थेट गायच्या सुरावर आणून बसवते. आवाज प्रचंड होतो, पण इ, उ, ए सगळे आ सारखे ऐकू येतात. मराठी नाट्यरसिकाने हा सौदा कधीच पत्करला नसता. पद कळलं नाही तर त्याने तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

आता फिनलंडकडे परत. तिथे खर्ज का पिकतो? थंडीमुळे नव्हे. तिथे पुरुषांच्या समूहगायनाची जुनी रीत आहे. हेलसिंकी विद्यापीठाचा पुरुषवृंद १८८३ पासून गातो आहे. चार भागांत गाणाऱ्या वृंदाला तळाचा आवाज लागतोच. पंधराव्या वर्षी आवाज फुटून खाली गेलेल्या मुलाची तिथे वाट पाहिली जाते. आपल्याकडे अशा मुलाच्या हाती टाळ येतात आणि मागची रांग. फिनलंडने १९६९ मध्ये कायदा करून गावोगावच्या संगीतशाळांना सरकारी पैसा दिला, हे दुसरं कारण. आणि खर्जाच्या गायकाला घाई करून चालत नाही. हा आवाज तिशीनंतर पिकतो आणि मग दीर्घकाळ टिकतो. १९४५ मध्ये तुर्कू शहरात जन्मलेला साल्मिनेन १९७६ मध्ये बायरॉइटच्या शताब्दी महोत्सवात वाग्नरच्या ‘रिंग’मधला राक्षस फासोल्ट होता, आणि सत्तरी गाठली तरी राजे गात होता.

तालवेलाने आणखी एक काम केलं. साव्होनलिन्ना या गावी तळ्यातल्या बेटावर १४७५ सालचा ओलाविनलिन्ना हा किल्ला आहे. तिथे १९१२ मध्ये आयनो आक्ते या गायिकेने ऑपेरा महोत्सव सुरू केला होता, पण तो खंडित झाला. १९७२ ते १९७९ तालवेला त्याचा प्रमुख होता आणि त्याच्या काळात तो जगाच्या नकाशावर आला. जगभर गाणारा गायक घरच्या किल्ल्यात गाऊ लागला आणि पाठोपाठ जग तिथे आलं. १९८९ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, मुलीच्या लग्नात नाचताना त्याचा मृत्यू झाला.

तळ्यातला असा किल्ला आपल्याकडे नसेल, पण रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या बंदिवान राजासाठी १९१० मध्ये उभा राहिलेला थिबा राजवाडा आहे आणि त्याच्या आवारात आर्ट सर्कल या संस्थेचा संगीत महोत्सव भरतो. रत्नागिरीत संगीतसभा भरवणाऱ्या सगळ्याच मंडळींना माझी एक विनंती आहे. वर्षातून एक संध्याकाळ माईक बंद ठेवा. मोकळं पटांगण घेऊ नका. आवाज परतवायला तिथे भिंत नसते. दोनशे माणसं बसतील असा देवळाचा जुना सभामंडप घ्या, नीट जवारी काढलेले दोन तंबोरे घ्या आणि एखाद्या धृपद गायकाला काळी एकच्या खाली गाऊ द्या. कार्यक्रम थंडीच्या दिवसांत ठेवा, कारण पंखेही बंद करावे लागतील. त्यांची बरीचशी घरघर खर्जाच्याच मुलुखात असते.